महाश्वेता नाही म्हणाली तेव्हा

कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे माझं सगळं वाचन बसमध्येच होतं. चिपळूणहून परशुराम घाट चढून लोट्याच्या एमआयडीसीत जाताना, आणि पाळी सुटली की परत येताना. मध्ये दोन-तीन वर्षं मी या बसमध्ये एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचत होतो. त्यांचा नायक साधा माणूस नसतो. तो लांडगा असतो, यक्ष असतो, नाहीतर शापित राजपुत्र. नायिका दिसताक्षणी त्याला कळतं की ही आपली, नियतीने जोडी आधीच ठरवून ठेवली आहे. ती नाही म्हणते. पण पन्नासाव्या भागापर्यंत ती हो म्हणणार, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक असतं.

मला या गोष्टी आवडायचं कारण सांगतो. आमच्याच कंपनीत लॅबमध्ये एक मुलगी होती. मी विचारलं, ती नाही म्हणाली. स्पष्ट आणि नीट. तरी मी सहा महिने तिला मेसेज पाठवत राहिलो. त्यातलं एक वाक्य अजून आठवतं: 'आपलं हे आधीच ठरलेलं आहे, तुला कळायला वेळ लागतोय इतकंच.' मग तिने बस बदलली. तेव्हा मला ती नशिबाने घेतलेली परीक्षा वाटली होती.

या प्रकारच्या गोष्टी आपल्याकडे इंग्रजीतून आल्या, असं मी समजत होतो. चिपळूणच्या वाचनालयात एकदा बाणभट्टाच्या 'कादंबरी'चा मराठी सारांश हाती लागला आणि तो समज गेला. मराठीत आपण ज्या साहित्यप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्याला हे नाव या एका संस्कृत पुस्तकावरून मिळालं. सातव्या शतकातलं, सम्राट हर्षाच्या काळातलं पुस्तक. बाण ते अर्धवट टाकून गेला आणि त्याच्या मुलाने पुरं केलं. आणि त्यात आहे काय? शाप, पुनर्जन्म, बोलणारा पोपट, आणि जन्म बदलले तरी न सुटणारं प्रेम. म्हणजे मी बसमध्ये वाचत होतो, तेच.

फरक एका प्रसंगात आहे. महाश्वेता ही गंधर्वकन्या. अच्छोद सरोवराच्या काठी तिची आणि पुंडरीक नावाच्या ऋषिपुत्राची नजरानजर होते. भेट व्हायच्या आत विरहाने तो मरतो. तो पुन्हा भेटेल, असं तिला आकाशातून सांगितलं जातं, आणि ती त्याच काठावर तपस्विनी होऊन राहते. पुढे वैशंपायन नावाचा तरुण तिथे येतो. काहीतरी हरवल्यासारखा तो काठावर भटकतो, तिथून त्याचा पाय निघत नाही. महाश्वेतेला पाहून तो प्रेमाची याचना करतो. ती थांबवते, तरी तो रात्री पुन्हा येतो. तेव्हा ती शाप देते: पोपटासारखा बोलतोस, पोपटच हो. तो तिथेच कोसळतो.

हा वैशंपायन म्हणजेच पुंडरीक, दुसऱ्या जन्मातला. ज्याची ती वाट पाहत होती, तोच.

म्हणजे नियतीने खरोखर ठरवलेला जोडीदार दारात आला होता आणि तिने नाही म्हटलं. गोष्ट तिला चूक ठरवत नाही. 'तुला कळत नाही, तो तुझाच आहे' असं तिला कुणी समजावत नाही. तिचा शब्द खरा होतो आणि त्याला पोपटाचा जन्म काढावा लागतो. शेवटी त्यांची भेट होते, पण तो पुन्हा पुंडरीक झाल्यावर, तिने ज्याला निवडलं होतं त्या रूपात.

हे वाचल्यावर मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांकडे वळलो. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. ती अद्भुतरम्य होती, आणि प्रस्तावनेत रिसबुडांनी त्याचं कारण प्रामाणिकपणे दिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक असं काही घडत नाही. रोजचं लिहिलं तर पुस्तकात रस येत नाही, म्हणून अद्भुताकडे जावं लागतं. लग्नं लहानपणीच लागत. कुणी कुणाला विचारावं आणि दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणावं, याला जागाच नव्हती. ती जागा लेखकांनी अद्भुतात शोधली.

प्रत्यक्षात ती जागा मागणारी मुलगी तेव्हा मुंबईत वाढत होती. रखमाबाईंचा जन्म १८६४चा. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं, पण त्या माहेरीच राहिल्या. १८८४ साली नवऱ्याने त्यांना नांदायला पाठवावं म्हणून दावा लावला. लग्न लागलं, गाठ बांधली गेली, आता तुझ्या इच्छेचा प्रश्न येतो कुठे, असा तो दावा. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

वर्तमानपत्रात 'एकतर्फी प्रेमातून' हे शब्द दिसले की पुढे हल्ला किंवा खून असणार, हे आपल्याला वाचायच्या आधीच कळतं. मी काही तेवढ्यावर गेलो नव्हतो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण माझं ते वाक्य आणि दादाजींचा दावा शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींत तिचं म्हणणं मोजलेलंच नाही.

त्या कादंबऱ्या मी अजून वाचतो. घाटात रेंज जाते, म्हणून आदल्या रात्रीच भाग डाउनलोड करून ठेवतो. नायिका पहिल्यांदा नाही म्हणते तिथे आता थांबतो, आणि लिहिणारा तिचं ऐकतो का, ते पाहतो. नाही ऐकलं, तर तो भाग तिथेच बंद करतो.