वरठीवरून गेलेली गाडी आणि लक्ष्मीबाईंचा गोतावळा



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "नवरा होता तोवर दर रविवारी मंडळीत जायची. त्यांच्या मागं मागं जायची म्हणा ना. आता ते नाहीत, तर एकटीनं जाऊन बसायला कसंतरी वाटतं. आणि शेजारच्या बायकांत जावं तर त्या म्हणतात, तुमचं वेगळं." आपल्या भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती घरं मोजकी. गावात एक-दोन, तालुक्याच्या ठिकाणी थोडी जास्त. त्यामुळं हा प्रश्न थोड्यांचा, पण ज्यांचा आहे त्यांना रोजचा. मग मी ठरवलं, आजचं बोलणं लक्ष्मीबाई टिळकांवर करायचं. ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणींनीही ऐकावं. सासरी नव्या माणसांत जाऊन पडलेल्या प्रत्येकीला ही गोष्ट कळेल.

सुरुवात आपल्या वरठीपासून करते. वरठीचं स्टेशन, म्हणजे भंडारा रोड, तुम्हाला नवं नाही. नागपूरहून गाडी निघते, आपल्याकडून गोंदिया, डोंगरगड करत राजनांदगावला जाते. हा मार्ग १८८०च्या दशकात पडला. आधी लहान रुळांचा होता, पुढं बंगाल नागपूर रेल्वे कंपनीनं तो मोठा केला. त्या वेळी आपला जिल्हा मध्यप्रांतात होता. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी.

तर ह्या मार्गानं १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नावाचे एक गृहस्थ नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. कोकणातल्या ब्राह्मण घरातले, संस्कृतचे जाणकार, कवी, आणि एका जागी न टिकणारे. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं काम केलं, मग राजनांदगाव संस्थानात नोकरी धरली. गाडीच्या डब्यात एक गोरा पाद्री भेटला. गप्पा कवितेवरून निघाल्या आणि धर्मावर गेल्या. उतरताना पाद्र्यानं हातात नवा करार दिला आणि सांगितलं, वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी वाचायला घेतलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गाडीतली ही गोष्ट पुष्कळांनी लिहिली आहे. कोणी भेटलं, काय बोललं, सगळं लिहिलं. मला मात्र त्या बाईची काळजी वाटते जी गाडीत नव्हती.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात मनू. आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा खाक्या. पोरींचं बालपण त्या धुण्यातच गेलं. अकराव्या वर्षी लग्न. शाळा नाहीच. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानं करून दिली, तीही जेमतेम.

अशा घरात वाढलेल्या बाईला एक दिवस कळलं की नवरा ख्रिस्ती झाला. आज आपल्याला त्याचं ओझं कळणार नाही. तेव्हाचा विचार करा. नवऱ्यासोबत राहावं तर जात गेली, माहेर गेलं, बहिणीच्या घरचं पाणी गेलं. न राहावं तर कुंकू कपाळावर असून बाई एकटी. पदरात दत्तू, अवघा तीन-चार वर्षांचा. आणि ह्या सगळ्याविषयी तिला कोणी विचारलेलं नाही. टिळक मोठे कवी होते, मनानं उदार होते, पण ह्या बाबतीत त्यांनी बायकोला अंधारात ठेवलं, हे मला तरी खटकतं. लक्ष्मीबाईंनी पुढं आठवणी लिहिल्या, त्यात त्यांनी नवऱ्याचे गुण गायले आणि त्यांच्या तऱ्हाही सोडल्या नाहीत. कुठं कडवटपणा नाही, पण लपवालपवीही नाही.

सुमारे पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. काही काळ नाशकात, काही काळ पंढरपुरात. दुःखानं वेड लागायची पाळी आली होती. ह्या काळात त्यांना कोणी धरून ठेवलं? थोरली बहीण भिकूताई, मेहुणे पेंडसे, आणि नात्यातली अशीच काही माणसं. कर्मठ घरातलीच माणसं होती ही. धर्म बुडाला म्हणून त्यांना दार लावता आलं असतं. लावलं नाही. पुढं लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या तरी त्यांनी आपल्या पुस्तकात ह्या माणसांना मानाची जागा दिली आहे.

मग त्या नवऱ्याकडं अहमदनगरला गेल्या, पण अटीवर. चूल वेगळी, पाणी वेगळं. भोवती सगळी ख्रिस्ती वस्ती, आणि त्यात ही बाई स्वतःचं पाणी स्वतः भरून सोवळ्यात स्वयंपाक करणारी. ह्यात काय काय गमती झाल्या असतील, तुम्हीच बघा. शिवलं-बिघडलं, पुन्हा अंघोळ, पुन्हा स्वयंपाक. शेजारणींनी हे सगळं सोसलं, हे महत्त्वाचं. तू आधी आमच्यासारखी हो, मग ये, असं कोणी म्हटलं असतं तर लक्ष्मीबाई परत गेल्या असत्या, असं मला वाटतं. टिळकांनीही, एवढे उतावळे असून, इथं जबरदस्ती केली नाही.

बदल झाला तो आतून. जातपात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. एक दिवस बसून विचार करता करता उत्तर सापडलं. देवानं केली असती तर माणसामाणसांत गाय आणि घोडा ह्यांच्यासारखा फरक दिसला असता. तो तर दिसत नाही. झालं. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायचं ठरलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे आधी शिवाशीव सुटली, मग धर्म बदलला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण नुसता धर्म बदलला आणि जात तशीच राहिली, असंही आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी झालं आहे. चर्चमध्येही.

ते दिवस दुष्काळाचे आणि प्लेगचे. आपला मध्यप्रांत १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळला होता. तेव्हा पंडिता रमाबाई पुण्याहून इकडं मध्यप्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. रमाबाईंच्या शाळेतल्या आधीच्या मुलींनी ह्या नव्या आलेल्यांना न्हाऊ-माखू घालायचं, भरवायचं, शिकवायचं. ज्या कालपर्यंत स्वतः निराधार होत्या त्या आज दुसरीच्या आई झाल्या. रमाबाईंवर एक वेगळं बोलणं करावं लागेल, आज एवढंच.

टिळकांच्या घरातही दुष्काळातली पोरकी मुलं आली. पगार ठरलेला, खाणारी तोंडं वाढत जाणारी, आणि टिळकांच्या खिशात आलेला पैसा वाटेतच कोणाला तरी दिलेला. घर चालवायचं लक्ष्मीबाईंनी. प्लेगच्या साथीत लोक आपल्या माणसाला हात लावायला भीत होते, तेव्हा त्यांनी रोग्यांची सेवा केली. सोवळ्यात वाढलेली मनू ती हीच. मंडळीत त्यांची खरी ओळख ह्या कामांतून झाली. नुसतं रविवारी बाकावर बसून माणसं ओळखीची होतात, पण आपली होत नाहीत. एका पातेल्यात दोघींनी मिळून पन्नास जणांचा भात शिजवला की होतात. हे तुम्हाला गटात सांगायची गरज नाही.

तेव्हाच्या मंडळ्यांत बायकांसाठी एक रीतही होती, ती इथं सांगते. बायबल-बाई म्हणत. मराठी बायकाच, पुष्कळ विधवा, मिशनकडून थोडं मानधन मिळे. त्या घरोघर, खेडोपाडी जात. बायबल वाचून दाखवत, गाणी म्हणत, आणि जोडीनं लिहायला-वाचायला, शिवणकाम करायलाही शिकवत. धर्मप्रसार हा हेतू होताच, तो काही लपवलेला नव्हता. पण ज्या विधवेला घरात कोपरा होता, तिला ह्या कामामुळं रस्ता मिळाला, स्वतःचे चार पैसे मिळाले. आपल्या भागात स्कॉटलंडच्या मिशननं काम केलं. नागपुरात १८४५ साली आलेले स्टीफन हिस्लॉप ह्यांच्यापासून ते सुरू झालं, पुढं भंडाऱ्यातही त्यांचं ठाणं झालं. नागपूरचं म्यूर मेमोरियल हॉस्पिटल त्यांचंच.

आणखी एक गोष्ट टिळकांनी केली, तिचा बायकांना फार उपयोग झाला. त्याआधी चर्चमध्ये विलायती चालींवर बसवलेली गाणी असायची. पुस्तक हातात धरून, चाल सांभाळत म्हणायची. अडाणी बाईनं काय करावं? ओठ हलवावेत. टिळकांनी अभंग, ओवी, पदं अशी आपली घडण घेतली आणि शेकडो भजनं रचली. तुकारामांना ते फार मानत. ओवीची चाल तर जात्यावर बसणाऱ्या प्रत्येकीला येते. टाळ आला, भजन आलं, कीर्तन आलं, आणि बायकांचा आवाज आला. आजही मराठी मंडळ्यांत ही भजनं म्हणतात, आणि शेजारची वारकरी बाई दारात उभी राहिली तर तिलाही टाळी धरता येते.

टिळकांच्या घरात ख्रिस्ती नसलेल्यांची ये-जा कधी थांबली नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. तिथं एका कोवळ्या पोराची कविता सगळ्यांना आवडली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. शाळेच्या पुस्तकातली फुलराणी आठवते ना, ते. पुढं हा मुलगा टिळकांच्या घरी नगरला येऊन राहिला. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरात. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवे-फुगवे, भित्रेपणा, सगळं आईच्या मायेनं सांभाळलं. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यावाचून माया कमी झाली नाही. १९१८ साली भादली स्टेशनावर गाडीखाली सापडून बालकवी गेले, अठ्ठावीसही पुरे नव्हते.

त्याआधी एक वर्ष, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. हा प्रयोग फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडं येते. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. नवऱ्यामुळं धर्म आला, नवऱ्यामुळं गाव आलं, नवऱ्यामुळं लोक आले. नवरा गेला. आता मंडळीत ह्या कोण? टिळकांची बायको एवढंच असतं तर दोन-चार वर्षांत लोक विसरले असते. पण लोकांनी त्यांना कीर्तनाला बोलावलं, कामाला बोलावलं, कारण वीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं माणसं जोडली होती. पुढची सतरा वर्षं त्या लोकांतच राहिल्या. मुलगा देवदत्त आणि सून कराचीला होते तेव्हा काही काळ तिकडंही राहून आल्या.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य हाती घेतलं होतं, ते दहा-अकरा अध्यायांवर अडलं होतं. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. जोडाक्षर लिहायला अडखळणारी बाई ही! १९३३ साली नागपूरला ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी त्याच बसल्या. १९३४ साली त्यांच्या आठवणींचा, 'स्मृतिचित्रे'चा, पहिला भाग निघाला आणि महाराष्ट्रभर वाचला गेला. पुण्यामुंबईच्या विद्वानांनी डोक्यावर घेतला, कारण त्यात भाषा आहे ती आपल्यासारख्यांची, ओट्यावर बसून बोलावी तशी. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या.

आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती भगिनींसाठी एक सांगते. १९७० साली नागपुरातच वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. त्यामुळं स्कॉटिश मिशनच्या जुन्या मंडळ्यांतल्या बायका आणि इतर मंडळ्यांतल्या बायका एका छताखाली आल्या. शिवाय मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती बायका जागतिक प्रार्थना दिन पाळतात. १९२७ पासून हा दिवस जगभर चालतो. दर वर्षी एका देशातल्या बायका प्रार्थना लिहितात, आणि तीच सगळीकडं म्हटली जाते. त्या दिवशी पाळकांकडं बघत बसायचं नसतं, सगळं बायकांनीच करायचं असतं. एकटीनं जायला अवघड वाटत असेल तर ह्या दिवसापासून सुरुवात करायला हरकत नाही. सतरंजी घालायला, चहा करायला, वाचन करायला माणसं लागतातच. आधी निरोप पाठवा, एक काम मागून घ्या. आणि शेजारच्या मैत्रिणीला सोबत नेलं तर कोणी अडवत नाही.

'स्मृतिचित्रे' आपल्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयांत विचारून बघा. पुस्तक जाड आहे, पण प्रकरणं छोटी आहेत. एकीनं मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी निवडण-टिपण करत ऐकावं, असंच ते आहे. वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आधी घ्या. हसून हसून तांदूळ सांडाल, तेवढे सांभाळा.