आधी डोलकाठी

शाळेत असताना आंग्र्यांचे आरमार मला फक्त तलवारींचे वाटायचे. कान्होजी, तुळाजी, दर्यावरचा दरारा वगैरे. जहाज चालते कसे, हा प्रश्न पुस्तकात नव्हता आणि मलाही कधी पडला नाही.

पुढे रॉबर्ट ऑर्म वाचला. ईस्ट इंडिया कंपनीचा हा इतिहासकार. त्याचा पहिला खंड १७६३ सालचा. आंग्र्यांना तो चाचेच म्हणतो, पण त्यांची जहाजे मात्र सुताराच्या नजरेने पाहतो.

गुराब म्हणजे दीडशे ते तीनशे टनांचे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. (शब्द अरबी, अर्थ कावळा.) तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, चोचीसारखी लांब बाहेर आलेली. समोरून लाटा आल्या की अशी गुराब फार हेलकावायची. म्हणून नाळेच्या फळ्यांना कठडाच ठेवत नसत. वर आलेले पाणी दोन्ही अंगांनी वाहून जाई. या उघड्या नाळेवरून मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा तिच्यामागे, आडभिंतीच्या भोकांतून रोखलेल्या. गलबत त्याहून लहान. त्याचे त्रिकोणी शीड चढवले की शिडाचे टोक डोलकाठीच्याही वर जाई. शिवाय चाळीस-पन्नास वल्ही.

आता लढाई समजते. वारा पडला की इंग्रजी जहाज जागीच खिळायचे, कारण त्याची सगळी चाल शिडांवर. गलबते मात्र वल्ही मारत गुराबांना ओढत आणायची, तीही शत्रूच्या पिछाडीला. मग गुराबा नाळेवरून तोफा डागायच्या, आणि नेम आधी माणसांवर नाही, डोलकाठ्यांवर. डोलकाठी पडली की शीड गेले, आणि शीड गेले की सुकाणूही निरुपयोगी. जहाज पुढे सरकले नाही तर सुकाणूला पाणी कापायला मिळत नाही. चढाई करणारे त्यानंतर.

हे सगळे मला शत्रूच्या पुस्तकातून कळावे, याची थोडी लाज वाटते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. पेशवे त्यांच्याच बाजूने होते. तुळाजीचे आरमार किल्ल्याखाली एकत्र नांगरलेले, म्हणजे ना शिडांचा उपयोग ना वल्ह्यांचा. एक पेटता गोळा एका जहाजावर पडला. ते जहाज पूर्वी कंपनीकडूनच पकडलेले होते. तिथून आग गुराबांवर गेली, आणि आरमार जळाले.