तारेतील दोषाचा तपास

घरच्या संगणकास तारेतून येणारे इंटरनेट एकाएकी बंद पडले म्हणजे माणूस प्रथम वाकून संगणकामागील पोर्टाजवळचा लहानसा दिवा लागला आहे की नाही हे पाहतो, मग लॅन केबल काढून पुन्हा बसवतो, त्यानंतर राउटर बंद करून चालू करतो, आणि एवढ्यानेही काम भागले नाही तर पडद्यावरील काळ्या चौकटीत एक आज्ञा लिहून पलीकडचे यंत्र जबाब देते काय याची विचारणा करतो. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे एका स्वतंत्र विद्येची दीडशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा उभी आहे, याचे स्मरण फारसे कोणास होत नाही. तारेचा इतिहास सांगणारे ग्रंथकार शोधकांची चरित्रे सांगतात, कंपन्यांच्या भांडवलाचे आकडे देतात, राज्यकर्त्यांनी तारेचा उपयोग कसा करून घेतला याची मीमांसा करतात. परंतु तार मुकी झाली असता ती नेमकी कोठे मुकी झाली हे हुडकून काढणाऱ्या माणसांनी जी पद्धत घडवली, तिच्याकडे त्यांचे लक्ष क्वचित जाते. माझ्या मते ही पद्धत घडवणाऱ्यांचे श्रेय शोधकांहून तसूभरही कमी नाही, कारण बिघडलेली तार दुरुस्त करता आली नसती तर तारेवर भरवसा ठेवण्यास कोणताही व्यापारी, कोणतेही सरकार आणि कोणताही गृहस्थ धजावला नसता.

हिंदुस्थानात या विद्येचा आरंभ कंपनी सरकारच्या अमलात झाला. विल्यम ओशॉघ्नेसी या आयरिश वैद्याने 1839 साली कलकत्त्यास तारेचे प्रयोग केले, 1851 साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार सुरू झाली, आणि 1855 च्या फेब्रुवारीत ही सोय सर्वसाधारण रयतेस खुली झाली तेव्हा कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही दूरदूरची ठाणी एका सूत्रात आलेली होती. शेकडो मैल रानावनातून, नद्यांवरून आणि घाटांतून गेलेल्या या तारेस शत्रूही तितकेच होते. खांब वाळवीने पोखरावा, वादळात झाडाची फांदी तारेवर पडावी, पावसाळ्यात भिजलेल्या आधारावाटे प्रवाह जमिनीत झिरपावा, आणि या सर्व आपत्तींचा ठाण्यावर बसलेल्या माणसाला दिसणारा परिणाम मात्र एकच असावा, तो म्हणजे पलीकडून जबाब न येणे, अशी स्थिती होती. म्हणून दोषांची वर्गवारी करणे हे या धंद्याचे पहिले काम ठरले: तार तुटली आहे, की तारेतील प्रवाह जमिनीत गळतो आहे, की दोन तारा एकमेकींस लागल्या आहेत. आजच्या कारागिराच्या हातातील केबल टेस्टर ज्यास ओपन आणि शॉर्ट म्हणतो ते दोष याच जुन्या वर्गवारीतून आलेले आहेत.

वर्गवारीनंतर येतो तो स्थाननिश्चितीचा प्रश्न, आणि येथे तारखात्यातील माणसांनी जो शिरस्ता पाडला तो आजतागायत बदललेला नाही. अखेरचे ठाणे जबाब देत नसेल तर तारमास्तर जवळच्या ठाण्यापासून आरंभ करी; त्या ठाण्यास आपल्याकडील तारेचे टोक जमिनीस जोडण्यास सांगून तेथपर्यंतचा मार्ग पुरा आहे याची रुजुवात घेई, मग त्याच्या पुढचे ठाणे, मग त्याच्याही पुढचे, असे करीत ज्या दोन ठाण्यांच्या मध्ये जबाब थांबला तेवढ्याच टापूत दोन्ही बाजूंनी माणसे रवाना करी. चार्ल्स व्हीटस्टन याने 1843 साली प्रसिद्धीस आणलेल्या सेतूमुळे, म्हणजे तारेचा विरोध मोजण्याच्या मंडलामुळे, याहून सूक्ष्म काम शक्य झाले. एक शाबूत तार आणि एक दोषी तार पलीकडच्या टोकास एकत्र जोडून त्या वळशातील विरोधाचे गुणोत्तर काढले असता, खोलीबाहेर पाऊल न टाकता, दोष किती मैलांवर आहे हे अंकगणिताने सांगता येऊ लागले. ज्या काळी घाटातील वाटांवर पायी चालण्यावाचून गत्यंतर नव्हते त्या काळी या गणिताने लाइनमनांचे किती श्रम वाचवले असतील याची कल्पना केलेली बरी.

मुक्या तारेशी कसे वागू नये, याचाही एक धडा त्याच शतकाने दिला. 1858 साली अटलांटिकच्या तळाशी घातलेली पहिली केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. तिचे संकेत क्षीण होत चालले असता वाइल्डमन व्हाइटहाउस या कंपनीच्या विद्युततज्ज्ञाने प्रवाहाचा दाब अतोनात वाढवून केबलचे आवरणच दुबळे करून टाकले. उलट विल्यम थॉमसन याने अत्यल्प प्रवाहही दाखवणारा आरशाचा गॅल्व्हनोमीटर बनवून ऐकण्याची शक्ती वाढवली. बळजोरी आणि मापन यांतील हा भेद पुढील पिढ्यांनी ओळखला, आणि 1870 साली ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्रात केबल टाकली तोवर मापन हे केबलशास्त्राचे मुख्य अंग होऊन बसले होते.

संगणकांच्या तारेचा इतिहास याच्या शंभर वर्षांनंतरचा. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ याने 22 मे 1973 रोजी एका टिपणात इथरनेटची कल्पना मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज याच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. या पद्धतीत सर्व संगणक एकाच जाड केबलवर लटकलेले असत. प्रत्येकाचे बोलणे सर्वांस ऐकू येई, आणि ज्याचे त्याने उचलून घ्यावे अशी रीत होती. 1980 च्या सुमारास ही पद्धत सेकंदाला 1 कोटी बिट या वेगाने ठरून गेली. त्यानंतर स्वस्त आणि लवचीक अशी पातळ केबल आली, ती एका संगणकापासून दुसऱ्यापर्यंत टी आकाराच्या जोडांनी ओवीत नेलेली असे, आणि दोन्ही टोकांस 50 ओमचा एकेक टर्मिनेटर बसवावा लागे. आपल्याकडील महाविद्यालयांच्या संगणककक्षांत आणि लहान कार्यालयांत नव्वदच्या दशकात ज्यांनी काम केले आहे त्यांस हे टोपणाएवढे टर्मिनेटर विसरता यावयाचे नाहीत. ते निघाले की तारेच्या उघड्या टोकावर आदळून संकेत उलट फिरत आणि साऱ्या केबलवर गोंधळ माजवीत. एका टेबलाखालील जोड पायाच्या धक्क्याने ढिला झाला तरी त्या रांगेतील सर्व संगणक एकदम बंद पडत. अपराधी शोधण्याची रीत अशी की केबल मधोमध तोडावी, तेथे जवळचा टर्मिनेटर बसवावा, कोणता अर्धा भाग जिवंत होतो ते पाहावे, आणि उरलेल्या मृत अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. तीस संगणकांच्या रांगेत या रीतीने पाच वेळा तपासले की ढिला जोड हाती येई. दोषाचा टापू आवळीत नेण्याचा तारमास्तराचा शिरस्ता तो हाच, केवळ ठाण्याठाण्याऐवजी अर्ध्याअर्ध्याने तपास होई आणि मैलांच्या जागी हात आले होते.

त्याच परंपरेतील सर्वांत सुंदर साधन एका माणसाने एका संध्याकाळी घडवले. मेरिलँडमधील अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक्स-संशोधनशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस याने, आपल्या जाळ्याचे वर्तन विचित्र भासू लागल्यावरून, 1983 च्या डिसेंबरात पिंग नावाचा छोटासा कार्यक्रम लिहिला. पलीकडच्या यंत्रास एक संदेश पाठवावा, त्या यंत्राने तो जसाच्या तसा परत करावा, आणि जाऊन येण्यास किती वेळ लागला तो मोजावा, एवढेच त्याचे कार्य. म्यूसने नंतर सांगितलेली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. कोणा एका जाळ्याच्या व्यवस्थापकाकडे इथरनेट मधूनच जाई आणि मधूनच येई. दोष असा की पाहावयास जावे तोच नाहीसा व्हावा. त्याने पिंगचा प्रत्येक जबाब बोलक्या यंत्रास जोडला, तो आवाज कचेरीतील ध्वनियंत्रावर मोठा करून ठेवला, आणि संगणक सेकंदासेकंदाला पिंग, पिंग असा घोष करीत असता तो स्वतः इमारतभर हिंडून एकेक जोड हलवून पाहू लागला. एका जोडास हात लागताच आवाज थांबला, आणि दोष सापडला. मोजणे आणि ऐकणे, अंतर राखणे आणि प्रत्यक्ष हात लावणे, या धंद्याची दोन्ही अंगे या एका कृतीत एकवटली आहेत. घरचा संगणक आधी स्वतःस, मग राउटरास, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यास पिंग करतो तेव्हा तो जवळच्या ठाण्यापासून पुढे जाण्याचा जुना क्रमच पाळत असतो.

1990 साली टेलिफोनसारख्या पिळलेल्या तारांवरील इथरनेटाचे मानक निघाले आणि प्रत्येक संगणकास मध्यवर्ती पेटीपर्यंत स्वतःची तार मिळाली. एका संगणकाच्या तारेचा दोष दुसऱ्याच्या माथी येण्याचे थांबले, हा लाभ तर मोठाच; परंतु त्याहून मोठी तजवीज अशी की, काही बोलणे नसले तरी दोन्ही बाजूंची यंत्रे सुमारे 16 सहस्रांश सेकंदांनी एकेक स्पंद पाठवून आपण जागे असल्याचे कळवू लागली. पोर्टाजवळचा दिवा त्या स्पंदांवर उजळू लागला. पूर्वी ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी माणूस पाठवावा लागे, त्याचे उत्तर तो दिवा विचारण्यापूर्वीच देऊन ठेवतो, आणि म्हणूनच तपासाची पहिली पायरी दिवा पाहणे ही ठरली.

आपल्या महाराष्ट्रात हे ज्ञान घराघरांत पोहोचले ते मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकातून नव्हे. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांस खुले केले तेव्हा ते टेलिफोनवर येई. 1998 च्या अखेरीस खाजगी व्यावसायिकांस या क्षेत्रात मुभा मिळाल्यावर मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून, ज्यांनी आधी घरोघर केबल टीव्ही पोहोचवला होता त्यांच्यापैकी अनेकांनी, गच्चीवरून गच्चीवर निळ्या-करड्या लॅन केबल टाकावयास आरंभ केला. लॅमिंग्टन रोडवरून अथवा बुधवार पेठेतून आणलेला केबलचा गठ्ठा, प्लगांची पिशवी, क्रिम्पिंगची पक्कड आणि आठ दिव्यांचा टेस्टर एवढ्या सामग्रीवर या तरुण मुलांनी एक नवाच व्यवसाय उभा केला. इथरनेटाच्या एका तारेची हद्द 100 मीटर. तेवढ्यात दुसरी इमारत गाठून पाण्याच्या टाकीखाली, प्लॅस्टिकच्या डब्यात, एक स्विच ठेवावयाचा आणि तेथून पुढे जावयाचे. पावसाळ्यात वीज कडाडली की रात्रीत स्विच जळत, त्यासरशी कित्येक घरांतील संगणकांचे पोर्टही उडत, आणि सकाळपासून तक्रारींचे फोन सुरू होत.

त्यांचे काम जवळून पाहण्यासारखे असे. केबलचे आवरण सोलून आठ तारा सुट्या करावयाच्या, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने अंगठ्याच्या नखाने सपाट करावयाच्या, एका रेषेत कापून प्लगात सरकवावयाच्या, आणि पक्कड दाबण्यापूर्वी प्लगाच्या तोंडाकडून आठही तांबडी टोके दिसतात की नाही हे उजेडाकडे धरून पाहावयाचे. मग टेस्टराचे दिवे एकामागून एक लागत; तिसरा दिवा गाळला गेला तर तिसरी तार बसलेली नाही, आणि तिसऱ्याऐवजी सहावा लागला तर क्रम चुकला आहे. सेकंदाला 100 मेगाबिटांपर्यंत पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्याच तारा कामास येत, म्हणून उरलेल्या चारांपैकी एखादी तुटली तरी कोणास पत्ता लागत नसे. 1999 साली मानक ठरलेल्या गिगाबिट इथरनेटास आठही तारा लागत असल्याने असे जुने लपलेले दोष पुढे नवा राउटर घेतल्यावर उघडकीस आले, आणि पुष्कळांनी त्याचा दोष नव्या राउटरास दिला.

तार शाबूत असून जबाब न येण्याचे एक निराळे प्रकरण याच काळात उद्भवले, ते पत्त्याचे. संगणकास आपला पत्ता मागून घेता यावा ही सोय 1993 पासूनची. पत्ता वाटणारे यंत्र गप्प राहिले तर विंडोज 98 पासूनचे संगणक 169.254 ने आरंभ होणारा पत्ता आपणच धारण करतात. हा आकडा दिसला म्हणजे समजावे की संगणकाने मागणी केली, परंतु ती मान्य करणारा पलीकडे कोणी भेटला नाही. केबलवाल्यांनी त्यात आणखी एक बंदोबस्त केलेला असे: ग्राहकाच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यात कोरलेला क्रमांक ते आपल्या दप्तरी लावून ठेवीत, आणि कार्ड बदलले की दिवा लागलेला, तार नवी, तरीही इंटरनेट बंद, असा प्रकार घडे. फोन करून नवा क्रमांक लिहून दिला की काम होई. वीज पडून पोर्ट जळालेल्या घरात नवे कार्ड बसवल्यावर ही दुसरी अडचण हमखास उभी राही.

आता इमारतींपर्यंत काचेचे तंतू आले आहेत. तंतू तुटला तर कारागीर त्यात प्रकाशाचा एक स्पंद सोडतो आणि तो परावर्तित होऊन येण्यास लागलेल्या वेळावरून तुटीचे अंतर मीटरांत सांगतो. मैल मोजणाऱ्या तारमास्तरांचे हे थेट वारस होत. गच्च्यांवरील तांब्याच्या केबल मात्र उतरवल्या जात आहेत. कोणत्या इमारतीची तार कोणत्या टाकीखालच्या स्विचात जात होती, याचा नकाशा बहुधा कागदावर कधीच काढला गेला नाही; तो त्या मुलांच्या डोक्यात होता, आणि ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. सरकारी तारखात्याचे अहवाल निदान दप्तरखान्यात सापडतात. यांचे काहीच सापडणार नाही. ज्यांना स्थानिक इतिहासाची आस्था आहे त्यांनी आपापल्या पेठेतील, आपापल्या उपनगरातील अशा दोन-चार केबलवाल्यांकडे जाऊन बसावे, त्यांच्या गच्च्यांचे नकाशे काढून घ्यावेत, कोणत्या पावसाळ्यात काय जळाले आणि ते कसे शोधून काढले हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे, आणि हे काम त्या केबलचे शेवटचे वेटोळे भंगारात जाण्यापूर्वी हाती घ्यावे.