मण्याराचा दंश आणि पेशीचे पटल

कोठीच्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४६ सालच्या हैदराबाद मेडिकल स्कूलपर्यंत मागे जाते. तेथे शिकलेल्या एका डॉक्टर स्नेह्याने आम्हांस एकदा विचारले, "अंगावर खूण नसेल, तर तुम्ही पंचनाम्यात सर्पदंश लिहिता का?" आम्ही लिहीत नव्हतो. १९८४ च्या पावसाळ्यात आदिलाबाद जिल्ह्यातील एका मराठीभाषक गावी जमिनीवर निजलेला तरुण पहाटे पोट दुखते म्हणून उठला. उजाडल्यावर त्याच्या पापण्या उचलेनात, दुपारपर्यंत श्वास थांबला. सूज नाही, रक्त नाही. महसूल खात्याचा नोकर म्हणून आम्ही 'पोटदुखीने मृत्यू' अशी नोंद केली. हकीकत ऐकून स्नेही एवढेच म्हणाला, "मण्यार."

नागपंचमीला आपल्या घरी पाटावर नाग उमटतो. मण्याराच्या वाट्याला तो मान नाही, परंतु प्राण घेण्यात तो नागाहून उणा नाही. विष 'भिनते' असे आपली भाषा सांगते. ते भिनून नेमके कोठे जाते, हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९०२ साली अमेरिकेत फ्लेक्सनर व नोगुची यांना आढळले की, धुऊन घेतलेल्या तांबड्या रक्तपेशींना नागाचे विष एकट्याने फोडू शकत नाही. रक्तद्रव मिसळला की पेशी फुटतात. त्याच सुमारास जर्मनीत एर्लिख यांच्या संस्थेत काइस यांनी रक्तद्रवाऐवजी लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ वापरूनही तेच घडवून दाखविले. पुढे फ्रान्समध्ये डेलझेन यांनी उलगडा केला: विषातील पाचक द्रव्य लेसिथिनच्या कणाचा एक तुकडा तोडते आणि उरलेला भाग साबणासारखा होऊन पेशी विरघळवितो. हे लेसिथिन पेशीच्या पटलातही असते. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर व ग्रेंडेल यांनी हे पटल स्निग्ध कणांच्या दोन थरांचे असल्याचे मांडले, तेव्हा कोड्याचा दुसरा अर्धा भाग जुळला. घराची वीट फोडावी आणि तिच्याच चुऱ्याने भिंत विरघळावी, असा हा प्रकार आहे.

नागाच्या विषातील आणखी एक प्रथिन १९४७ साली सरकार यांनी वेगळे केले (आडनावाने सरकार, खात्याने नव्हे!). हृदयाची गती थांबविणारे म्हणून त्याला कार्डिओटॉक्सिन हे नाव पडले. ते काही तोडत नाही; पटलात स्वतःच घुसून त्याची घडी विस्कटते. पहिले पाचक द्रव्य सोबत असले की दोघांचे काम अधिक वेगाने होते.

मण्याराची तऱ्हा निराळी. १९६३ साली तैवानमध्ये चँग व ली यांनी तेथील पट्टेरी मण्याराच्या विषातून काही द्रव्ये वेगळी केली. आपल्याकडील मण्याराच्या विषातही त्याच जातीची द्रव्ये आहेत. त्यांतील एक वाटेल त्या पेशीवर जात नाही. स्नायूला निरोप देणाऱ्या मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन तेथील पटल ते कुरतडते. म्हणूनच दंशाजागी सूज नाही, वेदना नाही, आणि श्वासाचे स्नायू मात्र निरोपावाचून थांबतात. नागाचे मज्जाविष पलीकडे, स्नायूच्या पटलावरील ग्राहकावर बसते. ते तेथून सुटू शकते. मण्याराने नासलेले टोक मात्र पुन्हा वाढावेच लागते, आणि त्यास दिवसच नव्हे, आठवडेही लागतात.

येथेच औषधाची मर्यादा कळते. काल्मेत यांनी फ्रान्समध्ये १८९५ च्या सुमारास घोड्याच्या रक्तातून प्रतिविष काढले. आपल्याकडे परळच्या हाफकीनने ते काम केले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर मिळून एकच औषध बनते. परंतु ते मोकळ्या विषालाच धरते; फाटलेले पटल सांधत नाही. म्हणून मण्याराच्या रोग्याला पहिल्या तासांत औषध आणि नंतर कृत्रिम श्वास, दोन्ही हवेत. विषाचा मोठा पुरवठा १९७८ साली स्थापन झालेली तामिळनाडूतील इरुळांची सहकारी संस्था करीत आली आहे. प्रांतागणिक विषाचे घटक बदलतात, ही अडचण निराळीच.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेल्याचा अंदाज दिला. तो मुख्यत्वे सरकारी दप्तरावरून नव्हे, घरोघरी नातलगांना विचारून बांधलेला आहे. आमच्यासारख्यांनी भरलेले दप्तर त्या कामी कितीसे उपयोगी पडले असते? स्नेह्याशी ते बोलणे झाल्यावरही १९८४ ची ती नोंद दुरुस्त व्हावी म्हणून आम्ही एक ओळ लिहिली नाही.