मॅझिनीची पत्रे आणि खसखशीचे दाणे

१/ १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कोठेही पत्र धाडता येऊ लागले. स्वस्त आणि नियमित टपाल ही तेथील निर्वासितांनाही मोठी सोय होती. १८३७ पासून लंडनमध्ये राहणारा इटालियन क्रांतिकारक जोसेफ मॅझिनी त्यांपैकीच एक.

२/ त्याचे सहकारी अनेक देशांत विखुरलेले होते. विश्वासू माणसाच्या हाती पत्र देणे अधिक सुरक्षित; पण असा माणूस वेळेवर मिळेलच याची खात्री नसे. साहजिकच चळवळीचा बराच पत्रव्यवहार परक्या सरकारच्या टपालखात्यावर विसंबून चाले.

३/ १८४४ मध्ये मॅझिनीला संशय आला. पडताळणीसाठी पत्रांत खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालण्यात आले. पत्रे हाती पडली तेव्हा दाणे नाहीसे झाले होते. पाकिटे वाटेत उघडली जात होती!

४/ १४ जून १८४४ रोजी खासदार थॉमस डंकोम्ब यांनी ही तक्रार कॉमन्स सभागृहात मांडली. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या वॉरंटने हे घडत होते. पत्रांतील माहितीत ऑस्ट्रियाला रस होता, कारण उत्तर इटलीच्या मोठ्या भागावर त्याचीच सत्ता होती.

५/ देशभर संताप उसळला. विचारवंत थॉमस कार्लाइल यांनी 'टाइम्स'मधून मॅझिनीची बाजू घेतली. संसदेने गुप्त समित्या नेमल्या. टपालखात्याची गुप्त शाखा बंद झाली; वॉरंट काढून पत्र उघडण्याचा अधिकार मात्र कायम राहिला.

६/ त्याच जुलैत मॅझिनीशी पत्रव्यवहार असलेले बांदिएरा बंधू उठावाच्या प्रयत्नात पकडले जाऊन गोळ्यांना बळी पडले. फुटलेल्या पत्रांचा त्यात कितपत वाटा होता, यावर मतभेद आहेत. एक गोष्ट मात्र निर्विवाद : साधन निवडणारा लंडनमध्ये सुरक्षित होता, जोखीम दूरच्या सहकाऱ्यांच्या माथी होती.

७/ भारतातही १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या कलम २६ ने सरकारला टपाल अडवण्याचा अधिकार दिला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सावरकरकृत मॅझिनीच्या मराठी अनुवादावर याच साम्राज्याने बंदी घातली.

८/ टपाल वर्ज्य करणे चळवळीला परवडणारे नव्हते. म्हणून खरा प्रश्न निवडीचा होता : कोणता मजकूर परक्या यंत्रणेच्या स्वाधीन करावा, कोणता हातोहात पाठवावा, आणि ज्यांची नावे त्यात येतात त्यांना विचारले आहे काय? साधने बदलली, तरी समूहाने एकत्र बसून सोडवायचा प्रश्न हाच आहे.