वासोट्याची जलवाट

पेरूच्या अरण्यात, उरुबांबा नदीच्या वर, माचू पिचू हे इंकांचे नगर आहे. १९११ साली हायरम बिंगहॅम यांना तिथली वाट मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने दाखविली. ‘शोध’ मात्र बिंगहॅम यांच्या नावे नोंदला गेला. भग्नावशेषांच्या इतिहासातून तेथे राहणारा माणूस असाच गळतो.

सातारा जिल्ह्यातील वासोटा हे आपल्याकडील उदाहरण. बामणोलीहून लाँच शिवसागर जलाशयातून मेट इंदवलीस नेते. पुढे वनखात्याच्या परवानगीने घनदाट अरण्यातून चढण लागते. गडावर मारुतीचे व महादेवाचे मंदिर, वाड्याचे चौथरे आणि चुन्याचा घाणा आहे. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे गड पडला. पेशव्यांनी तेथे ठेवलेले छत्रपती प्रतापसिंहांचे आप्त आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तेव्हा मुक्त झाले. हे सारे ग्रंथांत नमूद आहे.

परंतु लाँच ज्या पाण्यावरून चालते, त्याखाली शेते आणि घरे आहेत. १९६० च्या दशकात कोयना धरण भरले आणि खोऱ्यातील कुटुंबे दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली. २०१२ साली कोयना अभयारण्याला जागतिक वारशाचा मान लाभला. बुडालेल्या गावांना तो कोण देणार? माजलगाव धरणाच्या मुलखातील दिंद्रुडकरांना हा प्रश्न परका नाही. वाटाड्याने गडाच्या इतिहासाबरोबर त्या गावांची नावेही सांगावीत. ती तोंडपाठ असणारी पिढी आता थकली आहे.