भांडं धरलं का? सोनगीरचं तांबं आणि दहावीची गणितं

आजच्या भागात ना लढाई आहे, ना राजा. आज एक गृहपाठ आहे. वही-पेन जवळ असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं उत्तरेकडे निघालं की साधारण वीस किलोमीटरवर सोनगीर लागतं. टेकडीवर जुना किल्ला, पायथ्याला गाव. किल्ल्यासाठी थांबणारे थोडे, भांड्यांसाठी थांबणारे जास्त. इथली तांब्या-पितळेची भांडी इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहेत. हंडे, घागरी, कळश्या, पराती, बंब. आमच्या लहानपणी मागच्या गल्लीत ठोक्यांचा आवाज सुरू झाला की सकाळ झाली असं समजायचं. मी त्या आवाजात अभ्यास करायचो आणि विज्ञानात सपाटून मार खायचो.

मला अडवणारं गणित आजही आठवतं. तांब्याच्या कॅलरीमापीचं वस्तुमान 100 ग्रॅम. त्यात 20 अंश सेल्सिअसचं 100 ग्रॅम पाणी. 100 अंशाला तापवलेला 100 ग्रॅम तांब्याचा तुकडा त्यात टाकला. मिश्रणाचं अंतिम तापमान किती? तांब्याची विशिष्ट उष्माधारकता 0.09 धरा.

मी मांडलं ते असं. तुकड्यानं दिलेली उष्णता बरोबर पाण्यानं घेतलेली उष्णता. उत्तर आलं 26.6 अंश. वहीवर लाल फुली आली, शेजारी दोनच शब्द: ‘भांडं कुठंय?’

बरोबर आहे. पाणी हवेत तरंगत नव्हतं. ते ज्या भांड्यात होतं तेही 20 अंशांवरून तापलं. 100 ग्रॅम तांबं एका अंशानं तापायला 9 कॅलरी लागतात, तेवढ्याच पाण्याला 100. म्हणजे घेणारे दोघे मिळून अंशाला 109 कॅलरी. तुकडा अंशाला 9 कॅलरी देणार. आता मांडा: 9 गुणिले (100 वजा त) बरोबर 109 गुणिले (त वजा 20). म्हणून 118 त बरोबर 3080, आणि त बरोबर 26.1. फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा, पण मार्क गेला.

आता इतिहासाकडे येऊ. हे गणित आलं कुठून? अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी एक साधी गोष्ट स्पष्ट केली: तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. सारख्याच वजनाचे दोन पदार्थ सारखेच अंश तापवायला सारखीच उष्णता लागते, असं नाही. पुढे शाळेच्या प्रयोगासाठी तांब्याचं भांडं रूढ झालं, कारण तांबं उष्णता चटकन पसरवतं आणि स्वतः कमी पितं. म्हणजे बघा, आमच्या गल्लीत ठोकला जाणारा धातूच प्रश्नपत्रिकेत बसला होता, आणि मी तो ओळखला नाही.

मराठीत हे शास्त्र कधी आलं? 1833 साली हरि केशवजींचं ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे पुस्तक निघालं. नावातला शेवटचा शब्द पकडा: संवाद. त्या काळी इंग्लंडातही जेन मार्सेट यांची बाई आणि मुली यांच्यातल्या प्रश्नोत्तरांची पुस्तकं गाजत होती. पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा एक पोरगा, मायकेल फॅरडे, त्यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक वाचूनच या विषयाकडे ओढला गेला. तिथे विज्ञान प्रश्न विचारत, बोलत शिकवलं जायचं. आपल्या वहीत मात्र ‘दिलेले’, ‘काढा’, ‘सूत्र’, ‘उत्तर’ एवढंच उरलं.

कोठारी आयोगानं (1964–66) दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित सगळ्यांना शिकवावं असं सांगितलं. महाराष्ट्रात नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली परीक्षा 1975 मध्ये झाली. तांबटाचं पोर, शेतकऱ्याचं पोर, सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक आलं. ही फार मोठी गोष्ट होती, ती कमी लेखू नका. पण त्याच काळात घराघरांत स्टील आलं आणि घागरी माळ्यावर गेल्या. पुस्तक गल्लीत पोचलं तेव्हा गल्ली रिकामी व्हायला लागली होती. दोघांची नीट ओळख झालीच नाही.

झाली असती तर? आता रसायनशास्त्राचा एक प्रश्न घ्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं वितळतं 1085 अंशाला. जस्त वितळतं 420 ला आणि 907 ला उकळून वाफ होतं. मग मुशीत आधी काय टाकाल? तांबं आधी वितळवायचं आणि जस्त शेवटी, झटपट ढवळून. तरी पांढरा धूर निघतोच, तो जस्ताचा ऑक्साइड. याच स्वभावामुळे जस्त खनिजातून काढणं अवघड. उदयपूरजवळ झावरला मध्ययुगातच मातीच्या मुशी उलट्या लावून जस्ताची वाफ खाली उतरवून थंड करत. युरोपात विल्यम चॅम्पियन यांनी अशा पद्धतीचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये.

दुसरा प्रश्न. पितळी पातेल्यातलं ताक कळकतं, ते का? आम्लामुळे तांब्याचे क्षार ताकात उतरतात. मग कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, 232 अंशाला वितळणारं कथिल कापसानं फिरवायचं. नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, आणि त्यानं भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघतो. म्हणून कथिल धरतं. पुस्तकातलं ‘कथिलीकरण’ ते हेच, पण शब्द ऐकून कल्हईवाला आठवत नाही.

ती फुली आल्यावर मी वही घेऊन मागच्या गल्लीत गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या तांबटबाबांना अक्षरओळख बेताचीच. मी प्रश्न वाचून दाखवला. ते अहिराणीत म्हणाले, ‘पह्यले हात लाईसन दख.’ आधी हात लावून बघ. गरम पाणी ओतलेली कळशी पुढे केली. हात लावला, पोळला. भांडं तापतं हे त्यांना वेगळं सांगावंच लागत नव्हतं. पण किती तापतं, ते 9 आणि 109 त्यांच्याकडे नव्हते. ते माझ्या वहीत होते. त्यांच्याकडे अर्धा गृहपाठ होता, माझ्याकडे अर्धा.

म्हणून मंडळी, घरात दहावीचं पोर असेल तर सूत्र घोकायला लावण्याआधी त्याला माळ्यावरची घागर काढायला सांगा. आणि आज ऐकणाऱ्यांना गृहपाठ: एक किलोच्या तांब्याच्या घागरीत पाच लिटर पाणी 25 वरून 45 अंशांवर न्यायचं आहे. किती कॅलरी लागतील? पाण्याच्या एक लाख तुम्ही पटकन काढाल. त्यात घागरीच्या 1,800 मिळवल्या का, तेवढं तपासा.

भेटू पुढच्या भागात.